दाते मोजायला कोल्हापूरला

कोल्हापूरला कुणी अंबाबाईला जातं, कुणी चपला घ्यायला, कुणी नुसतं मटण खायला. मी गेले ती दाते मोजायला. माझे नव्हेत. माझे अजून जागेवर आहेत आणि गावाच्या मते जरा जास्तच धारदार आहेत. मला मोजायचे होते माझ्या मुलाच्या जीपमधले, लोखंडाचे दाते. अशा कामासाठी तिथं जाण्याची वेळ कुणावर न येवो, पण गेलेच होते तर लिहून ठेवते.

आमचं गाव साखरप्याच्या अलीकडे. तिथल्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. नवरा लवकर गेला, पदरात एकुलता एक मंदार. तो मुंबईची नोकरी सोडून गावी आला, बागेत रमला आणि एक जुनी जीप घेऊन बसला. आमच्या गावाच्या वरच्या वाडीत नऊ घरं. वाट म्हणजे जांभ्या दगडांचा उभा चढ, आणि मध्ये वहाळ. पाणी आलं की वाडी तुटते, आजारी माणूस वरच अडकतं. त्यातून गाडी जावी म्हणून मंदारनं जीप उंच करून घेतली आणि अठ्ठावीस इंची चाकं काढून तेहेतीस इंची घातली. मला चढता येईना म्हणून एक लोखंडी पायरीही जोडून घेतली. गाडी दिसायला रुबाबदार झाली आणि चढायला नालायक. पहिल्या गिअरातसुद्धा धापा टाकायची.

मंदार म्हणाला, इलाज एकच, अ‍ॅक्सलमधले, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसातले, गिअर बदलायचे. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, त्याचा एक आकडा असतो. त्याच्या जीपचा होता चार पूर्णांक सत्तावीस. "आई, चाकं मोठी केली, आता हा आकडा किती हवा?" त्यानं मला विचारलं तेव्हा मी नारळ खवत होते. "विचारतोस काय, पाचवीचं गणित!" म्हटलं. चाक मोठं तर फेरे कमी, म्हणजे व्यस्त प्रमाण. चार पूर्णांक सत्तावीस गुणिले अठ्ठावीस, भागिले तेहेतीस. उत्तर तीन पूर्णांक बासष्ट. खोबऱ्याच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली.

उत्तर उलटं होतं. चाक मोठं झालं की ते फिरवायला जोर जास्त लागतो. आकडा वाढून पाचाच्या वर जायला हवा होता, मी तो कमी केला. माझा आकडा घातला तर गाडी आणखीच मेंगळट होणार. हे मला कळलं मंदार गेल्यावर चार महिन्यांनी, शेजारच्या मुलीला प्रमाण शिकवताना. हातातलं पुस्तक मी मिटलं आणि तिला घरी पाठवलं.

मंदार गेला श्रावणात. वाडीच्या चढावर जीप मध्येच बंद पडून मागे घसरली. ब्रेक धरले नाहीत, त्यानं उडी मारली ती नेमकी चुकीच्या बाजूला. जीप काजूच्या झाडाला टेकून थांबली, तिला खरचटलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले ब्रेक गेले, पोलिसांनीही तेच लिहिलं. पण त्याआधी थोडेच दिवस मंदार कोल्हापूरला जाऊन आला होता. परत आल्यावर मी विचारलं होतं, "बसवलास माझा आकडा?" तो हसून म्हणाला होता, "तुझं गणित कधी चुकलंय का गो?" एवढंच. बसवला की नाही, ते काही बोलला नाही. चूक कळल्यापासून मला रोज एकच प्रश्न होता: त्या गाडीच्या पोटात माझं चुकलेलं गणित आहे का? गावातल्या मेकॅनिककडे गाडी उघडली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मंदारच्या वहीत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गिअरवाल्याचा पत्ता होता. मी तिकडेच जायचं ठरवलं.

सोमवार, आंबा घाट

गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ वसंता. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. त्याला चिठ्ठीचं काही माहीत नव्हतं. ऑइल गळतंय एवढंच मी सांगितलं होतं, आणि ते खरंच गळत होतं.

"ऑइल गळतंय म्हणून कोल्हापूर? साखरप्यात काय सगळे मेले?" तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. आमच्या घरात आता तो शब्द कुणी उच्चारत नाही.

घाटात गाडीनं आमची पुरती लाज काढली. दर वळणावर कण्हायची. क्लचचा करपट वास आला की वसंता कडेला घ्यायचा, आणि गाडी थांबली रे थांबली की मी पायरीवरून उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे. तो दगड मी घरूनच घेतला होता, पायाशी ठेवला होता. वसंता पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्या थांब्याला एक एसटी आम्हाला मागे टाकून भोंगा वाजवत वर गेली.

"ताई गो," वसंता कपाळाला हात लावून म्हणाला, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा एसटीनं माझ्यावर धूळ उडवली."

मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच लाज वाटली. मंदार असता तर याची नक्कल महिनाभर करत राहिला असता.

घाट संपला की मुलूखच बदलतो. आमच्याकडे झाडाआड घर आणि घराआड माणूस. इथे सगळं उघडं: ऊस, रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, आणि ट्रॉलीवर बसून मोठ्यानं बोलणारी माणसं. मलकापूरला चहा घेतला. चहावाला जीपभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "पावणं, गाडी लई भारी हाय की! पण वडत न्हाय न्हवं?" आमच्याकडे असं कुणी तोंडावर बोलत नाही, पाठ वळल्यावर बोलतात. मला हे बरं वाटलं.

कोल्हापुरात पोचलो तर उद्यमनगर बंद. ओळीनं वर्कशॉपं आणि ओळीनं कुलपं. एका कट्ट्यावर पेपर वाचणारे गृहस्थ म्हणाले, "आज सोमवार. सोमवारी उद्यमनगर झोपतंय. उद्या या, ऐकू बी यायचं न्हाय एवढा दणका असतोय." शहाण्या माणसानं आधी फोन केला असता. मी केला नव्हता, कारण फोनवर काय विचारू ते मला सुचत नव्हतं.

एक संध्याकाळ रिकामी मिळाली. वसंता मला दूध कट्ट्यावर घेऊन गेला. भर रस्त्याकडेला म्हशी उभ्या, आपल्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. हातात कडं घातलेले पैलवान आणि ऑफिसातून सुटलेले चष्मेवाले एकाच रांगेत उभे राहून ओठांवर पांढऱ्या मिश्या घेऊन पितात. आमच्या कोकणात पाहुण्याला चहा देतानाही दुधाचा विचार करावा लागतो. मंदार इथून आला तेव्हा या दुधाबद्दल तासन्तास बोलला होता, "आई, तुला नेणार, म्हशीसमोर उभी करणार." मी ग्लास घेतला. दूध कोमट होतं, म्हशीच्या अंगाइतकं. अर्धं प्यायले, पुढे गिळवेना.

मंगळवार, उद्यमनगर

खरंच दणका होता. आत जायच्या आधीच वहीतल्या पत्त्यावरच्या वर्कशॉपचे मालक बाहेर आले. साठीचे, काळे कुळकुळीत हात, डोक्याला पांढरी टोपी, तीही आता निम्मी काळी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही, जीपकडे पाहिलं. मग पायरीकडे. मग टोपी काढली.

"मंदारची आई व्हय तुम्ही?"

मी मान हलवली.

"मला मागनं कळलं, अक्का. मी फोन करत हुतो, लागत नव्हता." त्यांनी खुर्ची पुसून पुढे सरकवली.

वसंतानं ऑइलचं सांगितलं. मी म्हटलं, "ऑइल नंतर बघा. आधी झाकण उघडा. मला आतले दाते मोजायचेत." वसंता माझ्याकडे बघतच राहिला. अण्णा मात्र चकित झाले नाहीत. त्यांनी गाडी वर घेतली, मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण उघडलं, काळं ऑइल घमेल्यात सोडलं. आत ताटाएवढं एक दातेरी चक्र आणि त्याला भिडलेला एक मुठीएवढा गिअर. मोठ्याचे दाते भागिले लहानाचे दाते, म्हणजे तो आकडा. माझा आकडा असेल तर सत्तेचाळीस आणि तेरा निघणार. जुना, गाडीबरोबर आलेला, असेल तर सत्तेचाळीस आणि अकरा. घरून निघतानाच मी हे पाठ करून आले होते.

अण्णांनी खिशातून खडू काढला. खडू! एका दात्यावर पांढरी खूण केली आणि चक्र हातानं हळूहळू फिरवायला लागले. मी वर्गात मोजायचे तशी मोठ्यानं मोजत होते. खूण परत आली तेव्हा सत्तेचाळीस झाले होते. मग लहान गिअर. सहा, सात, आठ. नऊ, दहा, अकरा. आणि खूण.

"अकरा?" मी म्हटलं.

"अकराच. जुनाच हाय ह्यो. काय बदल्यालं न्हाय."

मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले. वर्षभरात मी माणसांसमोर रडले नव्हते, तिथे पान्या-हातोड्यांच्या मध्ये बसून रडले. माझं गणित त्या गाडीत नव्हतं. मुलगा परत येणार नव्हता, पण त्याला मी मारलं नव्हतं. वसंताला मी तेव्हा सगळं सांगितलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत नुसता "अगो ताई, अगो ताई" करत होता.

मग मला राग आला. माझा स्वभावच तसा. डोळे पुसले आणि विचारलं, "तो तुमच्याकडे आला होता ना? मग बदलले का नाहीत?"

अण्णा खडू खिशात घालत म्हणाले, "मशीन बिघडलंतं, अक्का. पंधरा दिवसांनी ये म्हटलं."

"कुठला आकडा सांगितला होता त्यानं?"

"आठ-एक्केचाळीस. बरोबर सांगितलंतं त्यानं. जोड्या तयार हायत, फळीवर. पुढच्या अ‍ॅक्सलला एक, मागच्याला एक."

एक्केचाळीस भागिले आठ, पाच पूर्णांक बारा. म्हणजे मंदारनं स्वतःच गणित सुधारलं होतं. आणि यांचं मशीन बिघडलं म्हणून माझा मुलगा जुन्या गिअरांवर त्या चढाला गेला. मी जे बोलू नये ते बोलले. "तुमच्या मशीनपायी माझा मुलगा गेला! एक मशीन धड ठेवता येत नाही तर दुकान कशाला मांडून बसता?" वर्कशॉपातले सगळे हात थांबले. अण्णांनी मान खाली घातली. "चुकलं, अक्का," म्हणाले. बस्स. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा मार खाताना एवढी गप्प उभी राहिली नव्हती.

आणि एवढं ऐकून घेतल्यावर या माणसानं आम्हाला जेवायला घरी नेलं! त्यांचं घर कोल्हापूरबाहेर गडमुडशिंगीला, रोज जाऊन येऊन करतात. नको म्हटलं तर म्हणाले, "शिव्या घरी येऊन दिल्या तरी चालतील, पण उपाशी न्हाय सोडायचा." आमच्याकडे "जेवणार का?" असं विचारतात आणि पाहुण्यानं "नको" म्हणायचं असतं. इथे विचारतच नाहीत, ताट येतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि ताटाशी उभ्या राहून वाढणाऱ्या वहिनी, अण्णांची बायको. तांबड्या रश्शानं वसंताच्या टकलावर घाम फुटला तरी त्याच्या वाटीत पळी ओतणं थांबेना. वहिनी माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यो बी हितंच जेवला. पांढरा रस्सा चार वाट्या. म्हणला, आईला शिकवा की ह्यो." मला तो घास अजून आठवतो. वर्षभरानंतर पहिल्यांदा मला जेवणाची चव लागली, आणि रात्री लॉजवर झोपही लागली.

बुधवार, फळीवरचं पुडकं

गिअर बसवायचं काम सकाळीच सुरू झालं. मला घरी जाऊन गाडीचं काय करायचं ते माहीत नव्हतं, पण मंदारनं सांगितलेलं काम अर्धवट ठेवायचं नव्हतं. अण्णा गाडीखाली झोपून काम करत होते आणि एकीकडे मला समजावून सांगत होते, बहुतेक कालच्यानंतर मला बोलतं ठेवावं म्हणून.

"आकडा कुठला घ्यायचा ते चाकावर न्हाय, चालवणाऱ्यावर असतंय, अक्का. हायवेला पळवायची तर आठ-एकोणचाळीस. नुसता डोंगर चढायचा तर आठ-त्रेचाळीस, पण मग सडकंवर इंजिन बोंबलतंय. मंदारला मी इचारलं, कुठं चालवणार? तर म्हणला, वाडीला चढायला पायजे, आणि आईला डोळं दाखवायला रत्नागिरीला न्यायची असत्याय, तिला आवाज सोसत न्हाय. म्हटलं, मग मधलं घे. आठ-एक्केचाळीस."

मागची जोडी बसली. अण्णांनी खालूनच हाक मारली, "पुढची जोडी द्या रे कुणीतरी!" सगळे आपापल्या मशीनवर. मी उठले. फळीवर ऑइलच्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, वर लिहिलं होतं 'मंदार, साखरपा'. तेच असणार म्हणून ओढलं तर ते जडच्या जड. आत एक नव्हे, दोन जोड्या होत्या. वरती एक चौकटीच्या वहीचा कागद, घडी घातलेला, कोपऱ्याला तेलाचा डाग.

माझं अक्षर मला ओळखावं लागलं नाही. चार पूर्णांक सत्तावीस गुणिले अठ्ठावीस भागिले तेहेतीस.

तरी मी दाते मोजले. उत्तराचा ताळा करायची सवय आहे. मोठ्याचे सत्तेचाळीस. लहानाचे तेरा. दुसऱ्या जोडीचेही तेवढेच.

अण्णा गाडीखालून बाहेर आले तेव्हा तो तेरा दात्यांचा गिअर माझ्या ओटीत होता. त्यांनी तो बघितला आणि जमिनीवरच बसले.

"मशीन बिघडलं नव्हतं ना?" मी विचारलं.

"न्हाय."

"सांगा."

"त्यानं आधी फोनवर हाच आकडा सांगितलता. मी दोन जोड्या कापून, भट्टीतनं काढून, तयार ठिवल्या. म्हटलं, सडकंवर पळवणारं कोणतरी असंल. त्यो गाडी घिऊन आला तवा मी चाकं बघितली. म्हटलं, बाबा, ह्ये उलटं हाय, ह्यानं गाडी जाग्यावरनं हलायची न्हाय. त्यानं चिठ्ठी काढून दावली. म्हणला, आईनं काढलंय, चुकणार न्हाय. माझ्यासंगं भांडला की! मग मी हितं फरशीवर खडूनं मांडून दावलं. त्यानं सोता एकदा मांडून बघितलं. मग हसला. म्हणला, बरोबरचं बनवा. पण आई कधी आली तर मशीन बिघडलंतं म्हणून सांगा. तिला चुकलं म्हटल्यालं सोसत न्हाय."

"आणि नवीन बनवायला पंधरा दिवस," मी म्हटलं.

"व्हय. कापायचं, भट्टीला द्यायचं. पंधरा दिवस लागत्यातच."

तो कोल्हापूरहून आला त्याच्या नवव्या दिवशी गेला. माझी चिठ्ठी बरोबर असती तर त्याच दिवशी ते गिअर बसले असते, आणि नवव्या दिवशी गाडी चढली असती. या वजाबाकीत कुठेही चूक नाही. मी ती तिथे केली, रात्री केली आणि अजून रोज करते.

मी अण्णांचे पाय धरायला वाकले. काल चारचौघांत मी त्या माणसाला काय बोलले होते, आणि त्यानं माझ्या मुलाला दिलेला शब्द पाळत ते सगळं अंगावर घेतलं होतं. त्यांनी मला वरच्या वर धरलं, काळ्या हातांचे ठसे माझ्या पातळावर उठले. "असं करू नगा, अक्का. माझी आई न्हाय आता. असती तर तिच्यासाठी मी बी हेच सांगितलं असतं." आम्ही दोघंही रडलो. वसंता बाहेर जाऊन उभा राहिला.

ती चिठ्ठी अण्णा फाडायला निघाले होते. मी फाडू दिली नाही. पर्समधला लाल पेन काढला, माझ्या उत्तरावर फुली मारली आणि खाली बरोबर उत्तर लिहिलं. मुलांच्या वहीत मी अशा वेळी 'पुन्हा सोडवा' असं लिहायचे. ते मात्र लिहवलं नाही.

गुरुवार, वाडीचा चढ

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही, कारण काही घडलंच नाही. गाडी तक्रार न करता चालली. वहिनींनी भडंगाची पिशवी दिली होती, ती वसंतानं मलकापूरपर्यंत संपवली. घाट उतरताना दुसऱ्या गिअरात गाडी अशी धरून उतरली की ब्रेकवर पाय ठेवायची वेळ आली नाही. वसंता दोनदा म्हणाला, "काय गाडी झालीय गो!" आणि दोन्ही वेळा जीभ चावली.

गावाच्या फाट्याला मी म्हटलं, "घरी नको. वाडीला घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पण घेतली. वहाळ ओलांडला. चढ लागला. जिथे मंदारची गाडी बंद पडली होती तिथे तो काजू अजून एका अंगाला सोललेला आहे. वसंतानं गिअर बदललासुद्धा नाही. दुसऱ्या गिअरात, न धापता, न थांबता, गाडी चढून वर गेली. इतकं सोपं होतं ते. आवाज ऐकून वाडीतली एक म्हातारी धावत अंगणात आली, जीप बघून तिच्या तोंडून "मंदा..." एवढं निघालं आणि तिनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी गाडी चढली असती तर वाडीनं हाच आवाज ऐकला असता.

वसंतानं वाडीच्या तोंडाशी, चढावरच गाडी उभी केली, गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं. मी पायरीवरून उतरले, दगड घेऊन.

"ताई, दगड नको आता," तो हळूच म्हणाला. "गिअरनं धरलंय गाडीला. जायची नाही कुठं."

मला माहीत होतं. तरी मी वाकून मागच्या चाकाला दगड लावला, आणि तो नीट बसलाय ना ते हातानं दाबून बघितलं.